नाकी नऊ

१

मी पुस्तकं वाचते. स्वतःसाठी नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक ग्रंथालय आहे, तिथे माझं रेकॉर्डिंग जातं. घरातल्या सगळ्यात लहान खोलीत एक टेबल, माईक, पाण्याचं भांडं आणि नवऱ्याने बनवलेला कॉम्प्युटर, एवढं माझं ऑफिस.

कॉम्प्युटर नवऱ्याने बनवला म्हणजे आतलं सामान बाहेरून आणलं, पण पेटी त्याची. तो कपाटं करतो. दुकानातली पत्र्याची पेटी बघून त्याने नाक मुरडलं आणि उरलेल्या फळ्यांतून अशी पेटी केली की आत दागिने असावेत असं वाटावं. एक खिळा दिसत नाही. मागच्या बाजूला हवा जायला त्याने नक्षीची भोकं पाडली होती, वाटाण्याएवढी. आतले तीन पंखे त्या भोकांतून हवा ओढायला जीव टाकायचे आणि बोंब मारायचे.

"बाई, वाचन सुंदर झालंय," ग्रंथपालबाई फोनवर म्हणाल्या. "पण मागे पिठाची गिरणी चालू होती का?"

मला राग आला. आमच्या घरात सगळ्यांनाच राग येतो आणि तो कोणी हळू आवाजात काढत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुमच्या नक्षीने माझ्या नाकी नऊ आणलेत." तो दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी पेटी उघडून कामाला लागला. पंख्यांच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घातल्या. आतून जुन्या गादीचा फोम चिकटवला. नक्षी कापून हातभर मोठा झरोका केला. तीन लहान पंखे काढून एकच मोठा, सावकाश फिरणारा बसवला. बोंब गेली. तरी एक बारीक घूं राहिलीच, आणि माईकचे कान माणसापेक्षा तिखट.

शेजारच्या खोलीत सासूबाई असतात. त्यांना दमा आहे. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. पातळ वाजली तर काळजी नाही. जाड झाली की पंप द्यायचा. तुटक यायला लागली की डॉक्टर. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली पंधरा मी त्या शिट्टीकडे कान ठेवून घर चालवलं आहे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, भांडताना सुद्धा. मला ती म्हातारी फार आवडते. हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, ती डोक्यावर चढून बसेल.

२

उरलेली घूं काढायला मी एक प्रोग्रॅम घेतला. त्याची रीत सोपी. आधी नुसती शांतता रेकॉर्ड करायची, सलग दहा सेकंद. त्या शांततेत जे काही वाजत असेल तो झाला नमुना. त्याला नाव द्यायचं. मग तुमच्या वाचनातून तेवढं वेचून प्रोग्रॅम काढून टाकतो. मध्येच कोणी मोठ्याने बोललं किंवा शिंकलं की पडद्यावरचा आकडा पुन्हा एकवर येतो. दहा झाल्याशिवाय नमुना पुरा होत नाही.

पहिला नमुना मी एकटीने, दार लावून घेतला. नाव दिलं ‘पंखा’. पडद्यावर आलं: ‘पंखा’ वजा करायचे? मी होय दाबलं. रेकॉर्डिंगमधून घूं साफ गेली.

पण पंखा गेल्यावर त्याच्याआड लपलेलं सगळं वर आलं. मोरीतला नळ. भिंतीवरचं घड्याळ. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आता कोणीतरी शिट्टी वाजवतंय." म्हणजे आमच्या सासूबाई.

म्हटलं, एकेक कुठे धरत बसायचं? मंगळवारी सकाळी मी माईक मधल्या दारात आणून ठेवला, सगळी दारं सताड उघडली, नवऱ्याला खुर्चीत बसवलं.

"आई, दहा सेकंद गप्प बसायचंय. जमेल का?"

"मी गप्पच असते," सासूबाई म्हणाल्या. नवरा फिस्सकन हसला. आकडा एकवर.

दुसऱ्यांदा नवऱ्याची खुर्ची करकरली. तिसऱ्यांदा सासूबाईंनीच विचारलं, "श्वास घेऊ की तोही बंद करू?"

"दहा सेकंद केलात तर उपकार होतील," मी म्हटलं.

असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा आकडा नऊवर आला, आणि सासूबाईंनी पलंगाच्या दांडीवर अंगठी टकटक वाजवली. मला बोलवायची ही त्यांची पद्धत. यावेळी मात्र निव्वळ खोडी. मी जाम वैतागले होते. आकडा परत एकवर जायच्या आत मी बटण दाबून टाकलं. नऊ काय नि दहा काय.

नाव विचारलं तेव्हा मी ‘घर’ असं लिहिलं. पडद्यावर आलं: ‘घर’ वजा करायचे?

मी होय दाबलं.

३

त्या आठवड्यात मी दोन प्रकरणं वाचून पाठवली. रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ की माझाच आवाज मला परका वाटला. "स्टुडिओत गेलात की काय?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. मी फुशारकीने म्हटलं, "घरीच. सुताराच्या पेटीवर."

शुक्रवारी माझ्या लक्षात आलं की खोलीतही पंखा ऐकू येत नाही.

"काय केलंत हो पेटीला?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी कुठे हात लावलाय? मला वाटलं तूच काहीतरी केलंस."

आम्ही पेटी उघडली. पंखा फिरत होता. पुढे कागदाची पट्टी धरली तर ती फडफडत होती, वारा बोटांना लागत होता. मी कान अगदी जवळ नेला. घूं नव्हती. कागदाची फडफड ऐकू येत होती, पंखा नाही.

नवरा खूश झाला. फोम कसा बसवलाय बघ, म्हणाला. मीही मान डोलावली. मग पाणी प्यायला गेले तर मोरीतला नळ गळत होता. थेंब फुगायचा, सुटायचा, खालच्या पातेल्यातल्या पाण्यात वर्तुळ उमटायचं. आवाज नव्हता.

मी पातेल्यावर चमचा मारला. ठण्ण. कान शाबूत. घड्याळाखाली जाऊन उभी राहिले. काटा सरकत होता, टिकटिक नव्हती. शनिवारी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तासभर तपासून सांगितलं की माझे कान त्यांच्यापेक्षा चांगले आहेत. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला घड्याळ कधी वाजत होतं त्याला आठवतच नाही. मीही स्वतःची समजूत घातली. सारखं ऐकलं की माणूस ऐकेनासा होतो. पण थेंब डोळ्यांनी बघूनही ऐकू आला नव्हता, तिथे ही समजूत लंगडी पडत होती.

४

रविवारी सकाळी सासूबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या, चेहरा उजळलेला.

"सूनबाई, मी बरी झाले. ऐक."

त्यांनी दीर्घ श्वास घेतला. मी ऐकलं. काही नव्हतं. पातळ नाही, जाड नाही, निरोगी माणसाच्या श्वासाचा असतो तो आवाजही नाही.

"बघ! तुझ्या त्या डॉक्टरपेक्षा माझा आलं घातलेला कोरा चहाच भारी." त्या इतक्या आनंदात होत्या की मला बोलवेना. मी पाठ चेपायच्या निमित्ताने मागे बसले आणि पाठीला कान लावला. बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या. गालाला ऊब लागत होती. आत मात्र रिकाम्या डब्याला कान लावावा तसं.

मी नवऱ्याला डॉक्टरांना आणायला पिटाळलं.

डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, भुवया चढवल्या, नळी झटकली, बोटाने टिचकी मारून बघितली. "ठोके ऐकू येतायत," ते म्हणाले. "श्वास... थांबा हं, ही नळी बिघडलेली दिसते." त्यांनी गाडीतून दुसरी आणली. तीही बिघडलेली निघाली. शेवटी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघितला, तो ठीक होता, आणि ते नळी बनवणाऱ्याला शिव्या घालत गेले.

"पाहिलंस? डॉक्टरलासुद्धा दमा सापडला नाही," सासूबाई म्हणाल्या.

मी त्या दिवसापासून दार उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहायला लागले. पण बघण्याने किती होतं? ऐकायला माणसाला तिकडे तोंड करावं लागत नाही. बघायला हातातलं सगळं सोडावं लागतं.

५

बुधवारी मला एक प्रकरण पुरं करायचंच होतं. नवरा मागच्या अंगणात कपाटाला खिळे मारत होता, म्हणून लहान खोलीचं दार लावून घेतलं. सासूबाईंना विचारलं, "काही लागलं तर?" त्यांनी अंगठी दाखवली. "वाजवीन."

अर्धं प्रकरण झालं. एका परिच्छेदानंतर मी पाणी प्यायला थांबले. माईक चालू होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी असते, आवाज आला की ती उडते. मी घोट घेत होते, तोंड बंद, खोली चिडीचूप, आणि पट्टी उडाली. दोनदा. थांबली. पुन्हा दोनदा.

मी स्वतःशी म्हटलं, खिळे मारतोय नवरा. मग लक्षात आलं की खिळ्यांचा आवाजही मला येत नाहीये.

पट्टी पुन्हा उडाली. दोन, थांबा, दोन. ही चाल मला पाठ आहे. पंधरा वर्षं मी या चालीवर उठून धावते आहे.

दार उघडून मी गेले तेव्हा सासूबाई पलंगाच्या कडेला ओणव्या झाल्या होत्या. ओठ निळे. तोंड उघडं. अंगठीचा हात दांडीवर आपटत होता, जोरजोरात, आणि काहीएक ऐकू येत नव्हतं. त्यांच्यामागच्या खिडकीतून नवरा दिसत होता, हातोडी वर जात होती, खाली येत होती, तीही मुकी. सगळं घर माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि कानाला काही लागत नव्हतं.

पंप दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाठ चोळली. माझ्याच तोंडून "आई, आई" निघत होतं ते मात्र खणखणीत ऐकू आलं. हळूहळू ओठांना रंग आला.

"कधीची वाजवतेय," त्या कशाबशा म्हणाल्या. "बहिरी झालीस का गं?"

मी त्यांना मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मला ढकललं, आणि मग ढकललेला हात माझ्या डोक्यावरच ठेवून दिला.

६

संध्याकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला. आवाजात जरा संकोच होता.

"रागावू नका बाई. आमचे एक वाचक आहेत, जन्मापासून दिसत नाही त्यांना, कान म्हणजे काय सांगू. त्यांची तक्रार आहे. म्हणतात, तुम्ही वाक्याच्या मध्ये थांबता ना, तेव्हा मागे कोणीतरी आकडे म्हणतं."

"कसले आकडे?"

"एक, दोन, तीन. तुम्ही पुन्हा वाचायला लागलात की थांबतं. परत थांबलात की परत एकपासून. मला तर काही ऐकू येत नाही हो. ते म्हणाले, आधीच्या प्रकरणात चार-पाचपर्यंत जायचं. आता नऊपर्यंत जातं."

"आणि दहा?"

"दहा नाही म्हणे कधी."

मी फोन ठेवला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. प्रोग्रॅममध्ये एक सोय असते: जे काढून टाकलं तेवढंच ऐकायचं. हेडफोन घातला आणि ती लावली. जुनी शेजारीण गर्दीत सापडावी तसा आधी पंखा सापडला. घूं. मग नळ. घड्याळ. खिळे. अंगठी. आणि सगळ्यांच्या मधून सासूबाईंची शिट्टी, वर-खाली, वर-खाली. मला रडू आलं. हरवलेलं सगळं इथे होतं, नीट जपून ठेवलेलं.

त्याच्या खाली कोणीतरी मोजत होतं.

पुरुष की बाई ते सांगता येणार नाही. दबकाही नव्हता, भीतीदायकही नव्हता. सवयीने काम करणाऱ्या माणसाचा आवाज. सहा. सात. आठ. नऊ. मग खिळ्याचा एक मोठा ठोका, आणि पुन्हा एक. त्या मंगळवारी सहाव्या वेळेला मी कंटाळले होते. तो कंटाळलेला नव्हता.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. ती मंगळवारीही असणार, मीच वाचली नव्हती. नमुना अपूर्ण. ‘घर’ घेणे चालू आहे.

डोक्यात सगळं एकदम जुळलं आणि मला ते जुळायला नको होतं. त्याला सलग दहा सेकंदांची शांतता हवी होती. मी नऊ दिली होती. उरलेल्या एकासाठी तो घरातला एकेक आवाज उचलून बाजूला ठेवत होता. घर जितकं मुकं होईल तितके ते दहा सेकंद जवळ येणार. आणि दहा झाले की तो ते काम पुरं करणार होता ज्याला मी आधीच होय म्हणून बसले होते.

शक्य नाही, मी म्हटलं. प्रोग्रॅम आहे. रेकॉर्डिंगवर चालतो. मी शिकलेली बाई आहे. असं मी बराच वेळ म्हणत राहिले, आणि मोठ्याने म्हणत होते हे मला नंतर कळलं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नमुना पुसायला गेले. बटण दाबल्यावर पडद्यावर आलं: ‘घर’ पुसायचे?

माझं बोट तिथेच थांबलं. मी त्याला दुसरं कुठलंही नाव देऊ शकले असते. नळ म्हणाले असते, कटकट म्हणाले असते, मंगळवार म्हणाले असते. होय म्हणायची हिंमत झाली नाही. नाही दाबलं तर मोजणी चालूच राहणार होती. मी दोन्ही सोडून नवऱ्याला हाक मारली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हसला नाही. आदल्या दिवशी हातोडी मुकी झाली तेव्हापासून त्याचाही चेहरा उतरलेला होता. तो म्हणाला, "माझी पेटी आहे. मीच बंद करतो," आणि त्याने भिंतीतून वायर उपटली.

पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला. आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो.

"एक," कोणीतरी म्हणालं.

हेडफोन टेबलावर पडलेला होता, वायर जमिनीवर. आवाज त्यातून नव्हता. खोलीत होता, बोलणाऱ्या माणसाच्या उंचीवर.

"दोन. तीन."

नवऱ्याने माझा दंड धरला. मला ओरडायचं सुचलंच नाही. मी मधल्या दारातून सासूबाईंच्या खोलीकडे बघत होते. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चष्मा पुसत होत्या.

"सहा. सात."

त्यांचा चष्मा पुसणारा हात.

"आठ."

पलंग. उशी. भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग.

"नऊ."

चादर सपाट होती. एक सुरकुती नव्हती तिच्यावर. त्या चादरीवर कोणी कधी बसलेलं नव्हतं, आणि भिंतीवर डागही नव्हता.

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. बहुतेक शिवी असावी, कारण शेजारच्या खोलीतून लगेच आवाज आला, "तोंड आवर! सकाळी सकाळी कोणाला देतेस?" सासूबाई चष्मा हातात घेऊन माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

"एक," कोणीतरी म्हणालं, तितक्याच शांतपणे.

८

मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण भीतीच्या वर राग आला, आणि तो आला याचं मला बरं वाटलं. माझ्या घरात येऊन माझ्या माणसांना वजा करणारा हा कोण? मी चुकून होय म्हटलं असेल. मी आता नाही म्हणते आहे.

"पेटी उघडा," मी नवऱ्याला म्हटलं. "फोम काढा सगळा. ते जुने तीन पंखे कुठेत?"

त्याला लगेच कळलं. त्याने फोमच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, रबराच्या चकत्या फेकून दिल्या, तिन्ही लहान पंखे थेट लाकडाला आवळले, इतके की लाकूडच थरथरायला हवं. झरोक्यावर मुद्दाम एक फळी ठोकली, हवा अडायला. ज्या पेटीवर त्याने महिना घालवला होता तिची त्याने अर्ध्या तासात वाट लावली. वायर जोडली. पेटी बोंबलायला लागली. तीन पंखे, अडलेली हवा, थडथडणारं लाकूड. इतका घाणेरडा आणि इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता.

"काय चाललंय काय?" सासूबाई ओरडल्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ओरडून, कारण पेटीच्या वर बोलायचं होतं. त्यांनी ऐकलं. विश्वास ठेवला की नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त विचारलं, "म्हणजे मी गप्प बसायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग सांगते तुला. तू आलीस त्या वर्षी माझी पितळेची परात हरवली. ती कोणाला दिली होतीस?"

"मी दिली नव्हती! तुमच्या लेकीने नेली!"

"माझ्या लेकीचं नाव घेशील तर बघ!"

आणि आम्ही भांडलो. बावीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. परात, पडदे, नवऱ्याची नोकरी सोडणं, माझं वाचन, त्यांचं पथ्य. नवरा मध्ये बसून पेटीवर पातेलं आपटत होता आणि दोघींना उत्तरं देत होता. तासाभराने सासूबाई मला एक इतकं खोचक काहीतरी बोलल्या की मला हसू फुटलं, आणि मी हसले म्हणून त्याही हसल्या. त्यांना हसू आवरेना. हसता हसता श्वास लागला, आणि श्वासाच्या टोकाला शिट्टी वाजली.

आम्ही तिघंही ऐकत होतो. पातळ. काळजी करण्यासारखी नाही.

"आली मेली परत," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्याला आता एक महिना होत आला. ग्रंथपालबाईंना मी खरं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की आवाज येणारच. बाई त्या वाचकांशी बोलल्या. वाचकांचा निरोप आला: गिरणी चालेल, आकडे नकोत.

त्या गोंगाटात शिट्टी त्याच्या हातून निसटली, पण त्याने काम सोडलेलं नाही. पंख्यांचा नवा आवाज चार दिवसांत पातळ होतो आणि आठवड्यात जातो. मग नवरा पाती वाकडी करतो, नवी फळी ठोकतो, कधी आत पत्र्याचा तुकडा लटकावतो. नवऱ्याचं घोरणं अजून टिकून आहे. ते एका चालीत नसतं, त्यामुळे धरता येत नसावं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घोरण्याला दुवा देते. गेल्या सोमवारपासून दाराची बेल वाजत नाही. परवा कुकरची शिट्टी गेली. आमच्याकडे वाजणाऱ्या वस्तू आता मोजक्याच राहिल्या आहेत.

माणसाचा आवाज मात्र त्याला अजून उचलता आलेला नाही. म्हणून मी दिवसभर वाचते. माईक नाही, प्रोग्रॅम नाही, सासूबाईंच्या पलंगाशेजारी स्टूल टाकून, मोठ्याने. पुस्तक आवडलं नाही तर त्या मध्येच लेखकाला शिव्या देतात, तेवढीच मला उसंत. घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस अजिबात बोलू नका. मी त्यांना बाहेरची वाट दाखवली.

आत्ता सासूबाईंचा डोळा लागला आहे. नवरा फळी आणायला गेला आहे. पेटीचा आवाज सकाळपासून बारीक होत चाललाय. मी पान उलटताना एक घोट पाणी प्यायले, घोट गिळेपर्यंत थांबले, आणि माझ्या खांद्यामागे तो सातपर्यंत पोचला होता. शिट्टी पातळ होत होती. मी चादरीकडे बघितलं नाही. मागेही बघितलं नाही.

मी वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचललं. आवाज फाटका निघाला, निघू दे. उरलेल्या पानांनंतर दुसरं पुस्तक आहे, ते संपलं की वर्तमानपत्रं आहेत, औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं आहेत, परातीचं भांडण आहे. त्याला मोजायचं तर मोजू दे. मी त्याला दहा म्हणू देणार नाही.